भुतालाही पथ्य हवं

ज्या भुताला काहीही करता येतं, त्याला मी घाबरत नाही. भिंतीतून येतं, आरशातून येतं, फोनमधून बोलतं, वाटेल तेव्हा वाटेल त्याच्या अंगात शिरतं आणि दिग्दर्शकाला मध्यंतर घ्यायचं असलं की गप्प बसतं. असल्या भुतापुढं पात्रांनी काही केलं काय नि न केलं काय, सारखंच. मग आपण कशाला जीव मुठीत धरून बसायचं? मला भीती वाटते ती पथ्य पाळणाऱ्या भुताची. अमुक रेघ ओलांडलीस तर धरीन, नाही ओलांडलीस तर तू तुझ्या वाटेनं जा, असं बजावणाऱ्या भुताची. कारण तिथं सगळा भार माणसावर येतो, आणि माणूस ती रेघ ओलांडणार हे आपल्याला पहिल्या दहा मिनिटांतच कळून चुकलेलं असतं.

ही खोड मला लागली कुठून, हे शोधायला लांब जावं लागत नाही. माहेर खानापूरच्या जंगलाकडचं, सासर चिकोडीच्या उसातलं आणि संसार बेळगावात, शहापुरात. तिन्हीकडं पथ्यांना तोटा नाही. आषाढात वार पाळायचे, त्या दिवशी शेतात पाऊल टाकायचं नाही. अमावास्येला लांबच्या गावाला निघायचं नाही. रात्री बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तिसऱ्यांदा आली तरच माणूस. तिकटीवर उतारा पडलेला दिसला तर ओलांडायचा नाही, पायाला लागू द्यायचा नाही आणि घरी येऊन त्याची चर्चाही करायची नाही. ओलांडला तर काय होतंय, असं विचारलं की आजी पदराला हात पुसत एवढंच म्हणायची, "होतंय ते होतंय." एवढा धडकी भरवणारा संवाद आजवर मी कुठल्या सिनेमात ऐकलेला नाही.

सांगून टाकते, मी भुतंखेतं मानत नाही. तिकटीवरचा नारळ उचलून घरी आणणारा माझा धाकटा भाऊ अजून ठणठणीत आहे. त्या नारळाची चटणी झाली होती. मी तेवढी खाल्ली नव्हती.

म्हणूनच आपल्या भयपटांत ‘तुंबाड’ मला सगळ्यांत वरचा वाटतो. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ला लागला तेव्हा थिएटरांत त्याची फार दखल घेतली गेली नाही. मग लोकांनी घरी बसून बघितला, एकानं दुसऱ्याला सांगितला, आणि १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. त्यातल्या हस्तर या शापित देवाची पथ्यं बघा कशी चोख आहेत. त्याच्याकडं सोनं आहे, पण अन्न नाही, म्हणून तो पिठाला हपापलेला. वाड्यातल्या विहिरीतून खाली उतरायचं, भोवती पिठाचं रिंगण घालायचं, कणकेची बाहुली टाकायची आणि तो ती खाण्यात गुंतलाय तेवढ्यात त्याच्या लंगोटीतल्या मोहरा सांडून घ्यायच्या. त्याचा हात लागला तर मरण नाही, मरणाहून वाईट. ती साखळदंडातली म्हातारी आठवा. हस्तरचं नाव काढलं की ती झोपते, हेही एक पथ्यच.

(ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढं जावं.) नायक विनायक आयुष्यभर ही पथ्यं तंतोतंत पाळतो. उतरतो, मोहरा घेतो, वर येतो, पुण्याला जाऊन उधळतो, परत येतो. धोका असतो, पण बेतात. मग त्याच्या पोराचं डोकं चालतं. एका बाहुलीवर मूठभर मोहरा मिळतात, तर पुष्कळ बाहुल्या नेल्या तर अख्खी लंगोटीच पळवता येईल की! रिंगण तसंच, पीठ तेच, फक्त बाहुल्या वाढल्या. आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर. पथ्यातली पळवाट शोधणाऱ्याला त्याच पथ्यानं गाठलं. तो क्षण मी बघितला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचा माणूस "आयला" म्हणाला, मोठ्यानं. त्याला कुणी गप्प बस म्हटलं नाही.

आणि त्यातला पाऊस. कित्येक पावसाळ्यांत थांबत थांबत त्यांनी तो टिपला, आणि ते दिसतं. कणकुंबी-जांबोटीकडं ज्यांनी आषाढ-श्रावण काढलाय त्यांना हे पटेल. तिथं कपडे वाळत नाहीत, चुलीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर लुगडी-धोतरं शेकावी लागतात, आणि शाळेत जाणाऱ्या पोरांच्या गणवेशाला धुराचा वास येतो. भिंतीला हात लावला तर हिरवा होतो. दाराची लाकडं फुगतात, कडी बसत नाही, रात्री दार आपणहून उघडतं. अशा घरात भूत वेगळं आणायला लागत नाही. ‘तुंबाड’ बघताना मला पहिल्यांदा त्या ओल्या भिंतींचा वास आला, हस्तर नंतर आला.

रामसे बंधूंची टिंगल करणं आता फार सोपं झालंय. पण ‘पुराना मंदिर’ (१९८४) नीट बघा. त्यातल्या सामरी या सैतानाचं मुंडकं एकीकडं पेटीत बंद, धड दुसरीकडं पुरलेलं. ती दोन्ही एकत्र आली तर तो उठणार, आणि तोवर त्याला मारणाऱ्या राजाच्या घराण्यातली प्रत्येक मुलगी बाळंतपणात मरणार. काय बांधणी आहे! पेटी दिसली की आपण खुर्चीच्या कडेला येतो. मग मध्येच जगदीप येतो, ‘शोले’ची नक्कल सुरू होते आणि सगळं मातीमोल. पुढं १९९३ला केबलवर ‘झी हॉरर शो’ आला तेव्हा आमच्याकडं बरोब्बर त्याच वेळी लाइट जायची. अर्धा भाग बघायचा नि उरलेला भाग अंधारात एकमेकांना रचून सांगायचा. उरलेला भागच बरा असायचा.

आता उसाकडं वळते.

लग्न होऊन चिकोडीकडं गेले त्या वर्षी मला कळलं की तिथं रात्रीची भीती वेगळ्या जातीची आहे. जंगलात निदान झाडं एकमेकांपासून वेगळी असतात. ऊस म्हणजे एकच अंग. दहा-बारा महिन्यांचा झाला की माणसाच्या डोक्यावर जातो, सरीत शिरलं की चार पावलांवरचं दिसत नाही, पाल्याच्या कडा हातावर ओरखडे काढतात, कुसळं मानेत शिरतात. वारा नसला तरी आत काहीतरी सळसळत असतं. उंदीर असतो, साप असतो, कधी रानडुक्कर. आणि थ्री-फेज लाइट यायची ती बहुतेक वेळा मध्यरात्री. मोटर सुरू करून, हातात बॅटरी आणि फावडं घेऊन दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला जायचं. एकदा भाऊजी निम्म्या वाटेवरून परत आले. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काय नाही. उसातनं कोणतरी मला नावानं हाक मारलं. एकदाच." सासूबाईंनी चहा ठेवला. त्या रात्री पाणी पाजलं नाही, आणि मामंजींनीही सकाळी त्याचा हिशोब विचारला नाही.

विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७) म्हणूनच मला आरपार भिडला. सावकारांना चुकवत एक जोडपं, बायको गरोदर, उसाच्या मधोमध असलेल्या घरात येऊन राहतं. ऊस हीच तिथली भिंत. पळायचं म्हटलं तर कुठल्याही सरीतून पळा, फिरून त्याच घरापाशी. उषा नाईक यांची तुळसाबाई बघावी. ती ओरडत नाही, डोळे वटारत नाही. ती ‘खाऊन घे गं’ म्हणते, पोटुशी आहेस म्हणून जपते, आणि त्या जपण्याचीच दहशत बसते, कारण तिला जपायचाय तो मुलगा. घरातली मुलगी नकोशी असणं आणि ती नाहीशी करण्याचं काम घरातल्याच बाईच्या हातून होणं, हे पडद्यावर भुतापेक्षा भयंकर दिसतं. गरोदर बायकोचं काम पूजा सावंतनं झकास केलंय. माझी एकच तक्रार. शेवटाकडं सिनेमा समजावून सांगायला लागतो. आपल्याला कळलेलं असतं, तरी पुन्हा सांगतो. फुरियांनीच २०२१ला हिंदीत ‘छोरी’ केला, तोही बरा आहे, पण दोन्हींतला एकच बघायचा तर मराठी बघा.

‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘पछाडलेला’ (२००४) यांना भयपट म्हणावं की नाही, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. माझ्या लेखी तात्या विंचू भयपटातच बसतो. त्या बाहुल्याला लक्ष्याचंच शरीर हवं असतं, दुसऱ्या कुणाचं चालत नाही. पथ्य आहे. ‘मुंज्या’तही (२०२४) मूळ कल्पना फार चांगली, मुंज झाल्या झाल्या मेलेलं पोर आणि त्याचं झाड. आमच्याकडच्या प्रत्येक गावाला असा एक पिंपळ असतो. झाड दिसतंय तोवर सिनेमात जान आहे. संगणकावर बनवलेलं ते ध्यान उड्या मारायला लागलं की पोरं हसतात, मीही हसले.

सीमाभागात राहण्याचा एक फायदा असा, की भुतं दोन्ही भाषांतली मिळतात. ९०च्या दशकात बेंगळुरात एक अफवा उठली होती. रात्री एक बाई दार वाजवते, ओळखीच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं. उपाय म्हणून लोक दारावर ‘नाळे बा’ लिहायचे, म्हणजे उद्या ये. ती येते, वाचते, परत जाते, दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचते. ही बातमी आमच्या गल्लीत पोचली तेव्हा वाद झाला, तो ती खरी की खोटी यावर नव्हे. लिहायचं कुठल्या भाषेत, यावर. एका घरानं शेवटी दोन्ही भाषांत लिहिलं, वर कुठली नि खाली कुठली यावरून पुन्हा कुरबुर झाली. बेळगावात राहणाऱ्याला हे खोटं वाटणार नाही.

‘स्त्री’ (२०१८) याच दंतकथेवर बेतला, तिला चंदेरीत नेऊन. पहिला भाग मला मनापासून आवडतो. ती फक्त पुरुषांना नेते, हाक मारते, वळून बघितलं तर नेते, भिंतीवर लिहिलेलं असेल तर मुकाट परत जाते. शिकलेली, शिस्तीची बाई. ‘स्त्री २’नं (२०२४) बक्कळ पैसा केला, पण त्यातल्या सरकट्याला कसलंच बंधन नाही. भिंती फोडतो, बायका उचलतो, मुंडकं वेगळं, धड वेगळं. सामरीचा चुलतभाऊ, पण पेटी हरवलेला.

कन्नडमध्ये ‘ना निन्न बिडलारे’ (१९७९) शोधून बघा. अनंत नाग आणि लक्ष्मी. इथं बाईचं भूत पुरुषाच्या अंगात येतं, आणि अनंत नाग यांनी ते काम जराही हास्यास्पद होऊ दिलेलं नाही. ‘आप्तमित्र’ (२००४) आमच्याकडं कन्नड न येणाऱ्यांनीही रांग लावून बघितला. मूळ मल्याळम ‘मणिचित्रताळ’ १९९३चा, हिंदीत तोच ‘भूल भुलैया’ (२००७). उघडू नका म्हणून सांगितलेली खोली, आणि घरातली सून ती उघडते. तिन्ही बघितले तर माझं मत मूळ मल्याळमला, त्यातल्या शोभनाला. पण ‘आप्तमित्र’मधल्या सौंदर्याला बघताना पोटात कालवतं. एप्रिल २००४मध्ये ती विमान अपघातात गेली आणि सिनेमा त्यानंतर पडद्यावर आला.

या गोष्टीतलं मला सगळ्यात पटणारं म्हणजे तिथला डॉक्टर. मांत्रिकाचा विधी तो औषधासारखा वापरतो. एरवी आपल्या सिनेमात शेवटच्या अर्ध्या तासात दाढीवाला बाबा येतो, कवटी मांडतो, राख फेकतो आणि दीड तासाच्या भीतीवर बोळा फिरवतो. तो आला की मी चहा ठेवायला उठते. यात निव्वळ रुचीचा प्रश्न नाही. महाराष्ट्रानं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ला जादूटोणाविरोधी कायदा केला, कर्नाटकानं २०१७ला मंजूर केलेला कायदा जानेवारी २०२०पासून लागू झाला. म्हणजे सीमेच्या दोन्ही अंगांना अंगात आलंय म्हणून बाईला मारणं गुन्हा आहे. आणि पडद्यावर मात्र केस धरून ओढणारा बाबा अजून नायकच. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) सगळ्यांना त्या मान फिरण्यासाठी आठवतो. मला आठवतात त्या हॉस्पिटलमधल्या तपासण्या. ती पोर यंत्राखाली पडलेली, मानेत सुई, घर्र घर्र आवाज, आणि आई काचेपलीकडं. ती आई आधी सगळे डॉक्टर पालथे घालते आणि शेवटी डॉक्टरच तिला पाद्र्याचं नाव सुचवतात. आपल्याकडं क्रम उलटा. आधी देवरुषी, मग दर्गा, मग उधारी काढून हॉस्पिटल.

याच गोंधळावरचा सगळ्यात थोर सिनेमा कोरियाचा आहे, ना होंग-जिन यांचा ‘द वेलिंग’ (२०१६). अडीच तासांहून मोठा, पहिला तासभर तर विनोदीच वाटतो. डोंगरातलं गाव, पाऊस, चिखल, जरा भित्रा आणि सुस्त पोलीस. गावात माणसं आजारी पडून घरच्यांनाच मारायला लागतात आणि त्याच्या मुलीच्या अंगावरही तसलंच पुरळ उठतं. एक परका जपानी म्हातारा, एक पैसे घेऊन येणारा देवरुषी, एक पांढऱ्या कपड्यांतली बाई. तिघांतलं कोण आपलं? शेवटी ती बाई त्याला पथ्य सांगते. कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरात पाऊल टाकू नकोस. पहिल्यांदा आरवतो. दुसऱ्यांदा आरवतो. घरात लेक आहे, बायको आहे, फोनवर देवरुषी सांगतोय की तिचं ऐकू नकोस. तो गल्लीत उभा. इथं नुसतं पथ्य पाळण्याचं धैर्य पुरत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हेच त्याला ठरवता येत नाही. बाप म्हणून तो करतो ते आपणही केलं असतं. कुठलाही सिनेमा बघून मला इतका राग आलेला नाही, आणि कुणावर आला ते अजून ठरलेलं नाही.

बाकीचे पटापट सांगते. जपानी ‘रिंगू’ (१९९८), कॅसेट बघितली की सात दिवस. ‘इट फॉलोज’ (२०१४), ते धावत नाही, फक्त चालत येतं, पण थांबत नाही. ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८), आवाज केला की संपलं. हा थिएटरात बघायचा, जिथं चिप्सची पिशवी फाडायची लोकांना लाज वाटते. ‘द कॉन्ज्युरिंग’मधला (२०१३) टाळ्यांचा खेळ उत्तम, त्या मालिकेतल्या नन आणि बाहुल्या सोडून द्या. हिचकॉक यांनी तर ‘सायको’च्या (१९६०) वेळी प्रेक्षकांनाच पथ्य घातलं होतं. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. नायिका निम्म्या सिनेमाच्या आतच मरते, उशिरा आलेला तिला शोधत बसेल म्हणून. आमच्या टॉकीजांत हे चाललं नसतं. इथं पहिलं गाणं संपल्यावर डोअरकीपरची बॅटरी बघत आत येणं हाच रिवाज होता.

माझा भाचा बेंगळुरात असतो आणि माझं हे पथ्यपुराण त्याला मान्य नाही. परवा फोनवर म्हणाला, "आत्या, ‘द शायनिंग’मध्ये कुठलं पथ्य?" मी म्हटलं, आहे की. तो स्वयंपाकी पोराला सांगतो, २३७ नंबरच्या खोलीत जाऊ नकोस. थोडा थांबला आणि म्हणाला, "खरं, ‘हेरिडिटरी’?" तिथं त्यानं मला धरलं. ॲरी ॲस्टर यांच्या त्या सिनेमात (२०१८) घरच्यांनी काही मोडलेलंच नाही. आजीनं सगळं आधीच ठरवून ठेवलंय, यांना कुणी सांगितलेलं नाही. माझं म्हणणं असं, की तिथं मला भीती वाटली ती जेवणाच्या टेबलाची. आई मुलावर ओरडते, बोलू नये ते बोलून जाते, तो मान खाली घालून ताटाकडं बघतो. त्यानंतर ते राजे नि सैतान आले ते मी बघितले, इतकंच. भाचा म्हणतो, मग तुझा नियम मोडला. मोडू दे. नियम सिनेमाला लावलाय, मला नाही.

त्याला मी उलट दोन सिनेमे लावून दिलेत, तुम्हालाही सांगते. राम गोपाल वर्मांचा ‘रात’ (१९९२) आणि राहुल सदाशिवन यांचा मल्याळम ‘भूतकालम’ (२०२२). दोन्हींत रेवती. पहिल्यात ती कॉलेजातली पोरगी, झपाटलेली. तीस वर्षांनी दुसऱ्यात ती आई आहे, मन खचलेली, मुलाशी सतत खटके उडणारी. घरातली म्हातारी वारते आणि त्यानंतर एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला पटत नाही. बाबा नाही, राख नाही. एकाच बाईचा चेहरा, आधी घाबरलेला आणि मग घाबरायचीसुद्धा ताकद न उरलेला. दोन्ही एकाच रात्री बघायचे असतील तर आधी ‘रात’ लावा, मध्ये जेवून घ्या आणि भांडी तेव्हाच घासून टाका. ‘भूतकालम’ संपल्यावर स्वयंपाकघरात जायला कुणी तयार होत नाही, आमच्याकडं सकाळपर्यंत कढई तशीच पडून होती.